मूलभूत हक्क अमेरिकेतून आले की महाडच्या तळ्यावरून?

खारदांड्यात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी अभ्यासवर्ग घेतो. कॉलेजची मुले-मुली येतात, त्यातली काही एमपीएससीची तयारी करणारी असतात. त्यांच्या हातातल्या गाईडमध्ये एक तक्ता असतोच. एका बाजूला घटनेतली तरतूद, दुसऱ्या बाजूला देशाचे नाव. संसदीय पद्धत – इंग्लंड. मूलभूत हक्क – अमेरिका. मार्गदर्शक तत्त्वे – आयर्लंड. आणीबाणी – जर्मनी. एका मार्काचा प्रश्न येतो म्हणून मुले तो तक्ता पाठ करतात. मागे एका रविवारी एका मुलीने तोच तक्ता पुढे करून विचारले, "सगळेच बाहेरून आणले असेल, तर बाबासाहेबांनी नेमके काय केले?"

तिचा प्रश्न प्रामाणिक होता. पण हाच प्रश्न व्हॉट्सअॅपवर वेगळ्या हेतूने फिरतो हे आपण सगळे जाणतो. "संविधान म्हणजे इकडून तिकडून केलेली कॉपी" असे म्हणणाऱ्यांना घटनेच्या इतिहासात रस नसतो. त्यांना तिचे मोल कमी करायचे असते. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. म्हणून हा लेख.

खुद्द बाबासाहेबांनी या आक्षेपाला ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उत्तर दिले होते. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचे पेटंट नसते, त्यामुळे त्या घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असा त्यांचा मुद्दा होता. उत्तर बिनतोड आहे. पण आम्हाला त्याच्या पुढे जायचे आहे. आमचे म्हणणे असे, की मूलभूत हक्कांच्या ज्या तरतुदी आपल्या जगण्याशी सर्वात जवळून भिडतात, त्या अमेरिकेच्या घटनेत शोधून सापडणार नाहीत. त्यांचे मूळ महाडच्या चवदार तळ्याच्या काठावर आहे.

कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सरकारने तो अमलात आणण्याच्या सूचना खाली पाठवल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठरावही केला.

आता विचार करा. कायदेमंडळाचा ठराव आहे, सरकारचा हुकूम आहे, नगरपालिकेचा ठराव आहे. हक्क मिळायला आणखी काय लागते? तरीही तीन वर्षांत एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी भरता आले नाही. गुरेढोरे तिथे पाणी पीत होती. इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते. महारांना मात्र मज्जाव होता. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी पाणी विकत घ्यावे लागले. तळे मात्र हाकेच्या अंतरावर होते.

या परिषदेमागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेली गावोगावची मेहनत होती. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण समाजातले सहकारीही होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पाठोपाठ लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवली गेली आणि जेवायला बसलेल्या, गावी परत निघालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या.

त्यानंतर जे घडले ते आपल्या भाषणांत फारसे येत नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, महाड नगरपालिकेने तळे खुले करणारा आपला १९२४ चा ठराव रद्द केला. लोक कागदावरचा हक्क खरोखर वापरू लागले, तेव्हा तो कागदच काढून घेतला गेला.

रूढी कोर्टात जाते

बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला पुन्हा महाडला सत्याग्रह करायचे जाहीर केले. त्याआधी १२ डिसेंबरला महाडमधल्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा दाखल केला. तळे सार्वजनिक नाही, ते आमचे आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची परंपरागत रूढी आहे, असा त्यांचा दावा. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण त्याच परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही मंजूर झाला होता. सर्व हिंदू जन्मतः समान दर्जाचे आहेत आणि तो दर्जा मरेपर्यंत तसाच राहतो, हा त्यातला पहिला विचार. बाबासाहेबांनी त्या दिवशीच्या भाषणात महाडच्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली होती. विषमतेच्या ग्रंथाचे दहन आणि समतेची सनद या दोन्ही गोष्टी एकाच मांडवात झाल्या. आपण पहिली गोष्ट दरवर्षी साजरी करतो आणि दुसरी विसरून जातो.

तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह मात्र त्यांनी कोर्टाच्या हुकमामुळे स्थगित ठेवला. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते, त्यामुळे त्यांना समजावणे सोपे नव्हते. पण कोर्टाची लढाई कोर्टात जिंकायची असे ठरले. ती किती काळ चालली पाहा. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. मूळ दाव्याचा निकाल जून १९३१ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने लागला. सवर्णांनी अपील केले, ते १९३३ मध्ये फेटाळले गेले. ते मुंबई हायकोर्टात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही त्यांचे अपील फेटाळले. तळ्याच्या पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे.

आता यातली खरी मेख. हायकोर्टाने "अस्पृश्यता बेकायदा आहे" असे म्हटले नाही. तसे म्हणायला कायद्यात काहीच नव्हते. ही रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच कारणावर दावा पडला. म्हणजे पुरावा जरा भक्कम असता, रूढी पुरेशी जुनी ठरली असती, तर त्याच कायद्याने बंदी कायम केली असती. अन्याय जितका जुना तितका कायदेशीर, असा तो कायदा होता.

हे वाचल्यावर घटनेचे कलम १३ काढा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरेल, असे ते सांगते. पण "कायदा" म्हणजे काय? त्या व्याख्येत वटहुकूम, आदेश, उपविधी, नियम यांच्याबरोबर दोन शब्द आहेत: रूढी आणि परिपाठ. कायद्याइतके बळ असलेली रूढीसुद्धा हक्कापुढे टिकणार नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी जो माणूस होता, त्याने स्वतः प्रतिवादी म्हणून रूढीविरुद्ध दहा वर्षे खटला लढवला होता. ते दोन शब्द वाचताना हे आपण विसरू नये.

लंडनमध्ये एका अमेरिकन वाक्यात तळे शिरले

आता अमेरिकेकडे येऊ. बाबासाहेबांनी अमेरिकेतून काहीच घेतले नाही असे आमचे म्हणणे नाही. घेतले. पण काय घेतले आणि त्याचे काय केले, ते पाहा.

१९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दलितांच्या राजकीय संरक्षणाची एक योजना मांडली. समान नागरिकत्व आणि मूलभूत हक्कांची मागणी त्यात अगदी सुरुवातीला आहे. त्या हक्कांत अडथळा आणणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून त्यांनी एक कलम सुचवले आणि त्याला आधार म्हणून अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा हवाला दिला. हे कायदे गुलामगिरी संपल्यानंतर काळ्या लोकांसाठी झाले होते. १८७५ च्या कायद्यात जागांची यादी होती: खाणावळी-सराया, जमिनीवरची व पाण्यावरची सार्वजनिक वाहने, नाट्यगृहे आणि करमणुकीची ठिकाणे. बाबासाहेबांनी ते वाक्य घेतले आणि त्यात आपले शब्द घातले: शिक्षणसंस्था, रस्ते, वाटा, तळी, विहिरी आणि इतर पाणवठे.

अमेरिकन वाक्यात महाडचे तळे असे शिरले. याला कोणी कॉपी म्हणत असेल तर त्याने शिंप्यालाही कापड चोरणारा म्हणावे.

त्याच योजनेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याचीही मागणी होती. तिच्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. हीसुद्धा अनुभवातून आलेली गोष्ट. महाडनंतर कोकणात ज्यांनी मेलेली गुरे ओढणे सोडले, पाणवठ्यावर हक्क सांगितला, त्यांची शेते काढून घेतली गेली, त्यांना मजुरी बंद झाली, दुकानदाराने मीठ-मिरची देणे बंद केले. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. बहिष्कार हे किती भयंकर हत्यार आहे हे त्या समितीच्या अहवालात नोंदले गेले, आणि लंडनच्या योजनेत त्यांनी त्याचाच दाखला दिला.

त्या अमेरिकन कायद्याचे अमेरिकेत काय झाले?

तक्ता पाठ करणाऱ्या मित्रांनी हा भाग नीट वाचावा. ज्या १८७५ च्या कायद्यावरून बाबासाहेबांनी कलम बेतले, तो कायदा तेव्हा अमेरिकेतच जिवंत नव्हता. १८८३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला होता. कारण काय दिले? घटनेतली समानतेची हमी सरकारविरुद्ध आहे. सराईच्या मालकाने किंवा नाटकगृहवाल्याने काळ्या माणसाला हाकलले, तर तो खाजगी मामला आहे आणि संसदेला त्यात पडता येणार नाही. नऊपैकी एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत दिले. असा कायदा पुन्हा व्हायला अमेरिकेत १९६४ साल उजाडले.

अमेरिकेच्या हक्कांची जडणघडण राजाविरुद्धच्या, सरकारविरुद्धच्या भांडणातून झाली. म्हणून ते सरकारचे हात बांधतात. आपल्या लोकांचे भांडण कोणाशी होते? महाडला सरकारचा हुकूम आपल्या बाजूने होता. पाणी अडवणारा शेजारी होता, गावकरी होता, वाणी होता. फक्त सरकारला वेसण घालणारा हक्क आपल्या काय कामाचा? समाजाच्या जुलमाविरुद्धही चालेल असा हक्क हवा होता.

घटनेत तो आला. कलम १५ चे पहिले उपकलम राज्यसंस्थेला उद्देशून आहे. दुसऱ्या उपकलमात मात्र "राज्य" हा कर्ता नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे इथे जाण्यास, तसेच राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या अथवा सर्वसामान्य जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यास मज्जाव करता येणार नाही. "विहिरी, तलाव" हे शब्द पाहा. "राज्याच्या पैशातून राखलेल्या" या शब्दांत बोले ठराव ऐकू येतो की नाही? कलम १७ तर कोणालाच वगळत नाही: अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती कोणत्याही स्वरूपात पाळणे हा गुन्हा.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत प्रश्न निघाला, "दुकान" म्हणजे नेमके काय? बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द संकुचित अर्थाने वापरलेला नाही. ठरलेल्या मोबदल्यात जो आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो इथे येतो. ज्या न्हाव्याने आपल्या लोकांचे केस कापले नाहीत, ज्या परटाने कपडे घेतले नाहीत, ते सगळे त्या एका शब्दात आले.

आणि कलम ३२. घटनेतले सर्वात महत्त्वाचे कलम कोणते विचाराल तर हेच, हा घटनेचा आत्मा आणि हृदय आहे, अशा अर्थाचे बाबासाहेब ९ डिसेंबर १९४८ ला बोलले. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात दाद मागण्याचा हक्क. दाद मागता येत नसेल तर हक्काचा कागद कसा रद्दी होतो, हे महाडच्या १९२४ ते १९२७ च्या तीन वर्षांनी दाखवले होते.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही विहिरी-तळ्यांचा उल्लेख होता, १९२८ च्या नेहरू अहवालातही होता. होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बाबासाहेबांबरोबर क. मा. मुन्शींसारखे इतर सदस्यही होते. हे आम्ही लपवत नाही. पण तारखा पाहा. दोन्ही दस्तऐवज महाडनंतरचे आहेत. तळ्यावर लोक गेल्यावर देशातल्या कोणालाही विहीर वगळून हक्कांची यादी करणे अवघड झाले. चळवळीचा विजय याला म्हणतात.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे. "बाबासाहेबांनी आम्हाला हक्क दिले" असे आपण कृतज्ञतेने म्हणतो. भावना खरी आहे. पण दिलेली वस्तू देव्हाऱ्यात ठेवली जाते आणि लढून मिळवलेली वस्तू वापरली जाते. बाबासाहेब तळ्यावर एकटे गेले नव्हते. ज्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत अशा हजारो बायाबापड्या चालत महाडला आल्या, मार खाल्ला, बहिष्कार सोसला. घटनेतल्या त्या शब्दांवर त्यांचाही हात आहे. संविधानाची पालखी काढताना आपण त्यांना पायी चालणाऱ्यांत तरी मोजतो का?

आजचे तळे

हा सगळा इतिहास आम्ही खारदांड्यात बसून का सांगतो आहोत? कारण आमच्या वस्तीतून बाहेर पडून पाच-दहा मिनिटे चालले की मोठमोठ्या इमारती लागतात. आपली शिकलेली, चांगल्या नोकरीतली मुले तिथे भाड्याने घर बघायला जातात. ब्रोकर आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतो. मग "सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही" येते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला मालकिणीने विचारले, "हॉलमध्ये फोटो कोणाचा लावणार?" डिपॉझिट तयार होते, पगाराच्या स्लिपा तयार होत्या. घर मिळाले नाही. कारण कोणी लिहून दिले नाही.

१८८३ चा अमेरिकन युक्तिवाद आता मराठीत, गुजरातीत, हिंदीत ऐकू येतो: "आमची खाजगी सोसायटी आहे." २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. पारशी समाज लहान आहे, त्यांची भीती समजू शकते. पण त्या दारातून मागोमाग कोण कोण आत येते हे आपण उपनगरांत रोज बघतो.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेच कलम १५(२) मधल्या "दुकान" शब्दाचा अर्थ लावताना बाबासाहेबांच्या त्या खुलाशाचा आधार घेतला आणि खाजगी शिक्षणसंस्थाही त्याच्या कक्षेत आणल्या. मग पैसे घेऊन घर दाखवणारा ब्रोकर सेवा देत नाही तर काय करतो? हा युक्तिवाद कोर्टात उभा करणारे वकील आपल्यातून निघाले पाहिजेत. बहिष्काराविरुद्ध बाबासाहेबांनी १९३० मध्ये मागितलेला कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला. तो यावा म्हणून रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे महाडच्याच जिल्ह्यातल्या, गावकीच्या बहिष्काराच्या प्रकरणांनी आवाज उठवला होता. मधे ८६ वर्षे गेली. अॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक-आर्थिक बहिष्कार गुन्हा म्हणून आला. मागणी मरत नाही, तिला माणसे धरून ठेवतात.

आणखी एक गोष्ट. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा १९७६ मध्ये "नागरी हक्क संरक्षण अधिनियम" झाला. त्यात "नागरी हक्क" या शब्दाची व्याख्या दिली आहे: कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे माणसाला मिळणारा हक्क. नागरी हक्कांच्या नावाने असलेल्या कायद्यात त्या शब्दाचा अर्थच आपल्या लढ्यातून ठरला आहे. हे कोणत्या देशाच्या रकान्यात लिहायचे?

त्यामुळे त्या मुलीला आमचे उत्तर असे. परीक्षेत "अमेरिका" लिही, मार्क सोडू नकोस. पण घरी आल्यावर त्या तक्त्यात पेनाने एक ओळ वाढव: कलम १३ मधली रूढी, कलम १५(२), कलम १७ – महाड, २० मार्च १९२७. आणि उद्या ब्रोकरने तुझे आडनाव विचारले, तर तो मेसेज डिलीट करू नकोस. तारीख टाकून जपून ठेव, चार जणांना सांग, अभ्यासवर्गात घेऊन ये. महाडची लढाईही आधी ठरावाचा कागद जपून ठेवणाऱ्यांनी आणि मग तळ्यापर्यंत चालत जाणाऱ्यांनीच लढली होती.

जयभीम! जय संविधान!